आत्ता बघणारे

मास्तरांच्या नव्या मोबाइलवर बायकोचं बागकामाचं पान काही केल्या उघडेना. ती गेल्यापासून वर्षभर रोज एकच उत्तर: ‘या साइटचा सुरक्षा प्रोटोकॉल जुना आहे.’

दुरुस्तीवाल्याने खणातल्या जुनाट मोबाइलवर ते झटक्यात उघडलं. गुलाबाच्या फोटोखाली कोपऱ्यात बारीक अक्षरं होती: ‘आत्ता बघणारे: २’.

“एक आपण. दुसरं कोण?” मास्तरांनी विचारलं.

“असेल कुणाचा तरी असाच जुना डबा, काका. नव्यांवर तर उघडतच नाही.” मास्तरांनी तिच्या वहीतून उतरवून आणलेला पासवर्ड तो भराभर टाइप करत होता. “नवा प्रोटोकॉल लावतो. तुमच्यावर उघडेल, जुन्यांना मात्र कायमचा नमस्कार.”

तिचा जुना मोबाइल मास्तरांनी शालीत गुंडाळून तिच्याबरोबरच पुरला होता. चार्जर तेवढा घरी राहिला, याची त्यांना अजून चुटपुट होती.

“अहो, राहू द्या!” मास्तर एकदम उठले. “नका लावू!”

“लावलासुद्धा!”

मास्तरांच्या हातात पान उघडलं. गुलाब अगदी स्वच्छ दिसत होता. कोपऱ्यात आकडा होता एक.

“बघा काका,” दुरुस्तीवाला खुशीत म्हणाला, “आता दुसरं कुणी यायची भीती नाही.”