अर्ध्यापर्यंत

स्लाइडवाले मोबाइल चालायचे तेव्हा जितेंद्र भाईंदरच्या एका कारखान्यात त्यांच्या स्प्रिंगा डिझाइन करायचा. ते फोन गेले, पण त्याला त्यांचं असलेलं कौतुक काही गेलं नाही. जेसल पार्कच्या घरी चहाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात तो तसला एक जुना फोन द्यायचा आणि म्हणायचा, "अर्ध्यापर्यंत तुम्ही ढकला, पुढचं स्प्रिंग करते." फोन खटकन उघडायचा, तसाच अर्ध्यापर्यंत ढकलला की खटकन मिटायचा. बायको ममता कपबशा घेऊन बाजूला थांबायची.

गेल्या महिन्यात दोघांचं वाजलं. "एवढंच वाटतं तर जा काशीगावला," तो बोलून गेला, आणि ममता खरंच माहेरी निघून गेली. माफी मागणं त्याला जमेना. शेवटी मुलगी अनुष्का वैतागून म्हणाली, "बाबा, अर्ध्यापर्यंत तुम्ही ढकला ना, पुढचं स्प्रिंग करेल." यात तांत्रिक चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्याने ममताला मेसेज टाकला, "झालं ते झालं. परत ये. माझ्याकडून अर्ध्यापर्यंत ढकललंय."

उत्तर लगेच आलं.



"फोन मिटतोही तसाच. अर्ध्यापर्यंत तुम्हीच ढकललं होतंत."