सावलीतलं गवत

धुडकूने करपलेला गड्डा उपटून बाजूला टाकला आणि त्या जागी नवा दाबला. मोंडो गवताचे हे गड्डे मगनने दिले होते. मगन त्याच्या गावचाच, बंगल्यांच्या बागांना रोपं पुरवणाऱ्या नर्सरीत कामाला. देताना त्याने बजावलं होतं, "आबा, हाई गवत सावलीनं शे. जठे काही उगत नही, तठे हाई पसरस. फक्त ऊन लागू देऊ नका, शेंडा करपतस."

"मग ते मनाच आंगणसाठे जन्मेल शे," धुडकू म्हणाला होता.

सुरतेत, गोडादऱ्याच्या सोसायटीत धुडकूने आणि धाकट्या भाईदासने शेजारी-शेजारी घरं बांधली होती. धुडकूच्या अंगणात त्याच्या बायकोने, कमलने, मोगरा लावला. शहरात प्लेग आला त्याच्या आदल्या साली कमल गेली, मोगरा राहिला. रोज सकाळी ओंजळभर फुलं तिच्या फोटोपुढे ठेवायची, हाच धुडकूचा संसार उरला होता.

मग भाईदासने गच्चीवर पत्र्याची शेड ठोकली आणि बायका बसवून साड्यांना टिकल्या लावायचं काम सुरू केलं. पत्रे पुढे काढले ते थेट धुडकूच्या अंगणावर. ऊन बंद झालं. पावसाळा संपायच्या आत मोगरा वाळून गेला.

सख्खे भाऊ पक्के वैरी व्हायला एवढं पुरतं. त्यातून धुडकू म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. तो भर गल्लीत ओरडला, "मनी कमलले तू दुसरांदाव मारं, भाईदास!" त्या दिवसापासून त्याने शपथच घेतली. त्या गच्चीकडे मान वर करून बघायचं नाही आणि त्या घराची गोष्ट ऐकायची नाही. कुणी काढलीच, तर तो उठून आत जाई आणि कडी लावून घेई. पुढे गल्लीनेच तो विषय सोडला. दगडावर कोण किती डोकं आपटणार?

वर्षच वाईट निघालं. धुडकू कापडाच्या कारखान्यात माग चालवायचा; गणपतीत सेठने त्याला कामावरून काढलं. कापडात दोष निघतात म्हणे. धुडकूचं म्हणणं, कारखान्यातल्या निम्म्या ट्यूबलाइट मेलेल्या. त्या अंधारात तुटलेला धागा देवाला तरी दिसला असता का?

दिवाळीत तो गावी गेला आणि चांगला महिनाभर राहून आला. परतला तेव्हा भाईदास आपल्या दारात उभा होता. उगाच खाकरला. धुडकूने तोंड फिरवलं आणि आत गेला. नंतरही काही दिवस भाईदास तसाच दारात घुटमळत होता. मजा बघायला, दुसरं काय! मग तोही दिसेनासा झाला. वरच्या बायकांचा कलकलाट तर कधीच थांबला होता. साडीबाजार बसला असणार, असं धुडकूला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं.

अंगण मात्र अंधारलेलंच होतं. गावाहून आल्यावर तर त्याला ते जास्तच काळवंडलेलं वाटलं. दिवस चांगला वर आला तरी तिन्हीसांजा झाल्यासारख्या. पाण्याची बादली येता-जाता पायात यायची. मोगरा आता येणार नव्हता, हे त्याने मनाशी कबूल केलं होतं. पण कमलच्या जागेवर काहीतरी हिरवं जगलं पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट उरला होता.

आणि तेही जगत नव्हतं. त्याने बोटांनी पाती चाचपली. शेंडे कुरकुरीत लागले. बोअरचं पाणी खारं असेल, नाहीतर मगनने शिळे गड्डे गळ्यात मारले असतील. घामाने सदरा पाठीला चिकटला होता आणि मान भाजत होती. सुरतेचा चैत्रच असा मेला. सावलीतही माणसाला सुखाने बसू देत नाही.

फाटक वाजलं.

"कोन शे?"

"मी, आबा. सुषमा."

भाईदासची पोर. सुरतेत वाढलेली, शाळेतली मराठी बोलणारी. तिचं लग्न ठरल्याचं गावी असताना त्याच्या कानावर आलं होतं. तिने वाकून नमस्कार केला, त्याच्या हातात पत्रिका ठेवली आणि समोर उकिडवी बसली.

"आबा, मांडवाची पहिली मेढ तुम्ही रोवायची. आपल्या घरची रीत आहे, थोरल्यानेच रोवायची. अण्णा म्हणतात, आबा आले नाहीत तर मांडवच घालायचा नाही. ते रडतात, आबा. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं."

या पोरीला त्याने खांद्यावर बसवून गल्लीभर फिरवलं होतं. कमलला मूल नव्हतं. ती हिचीच वेणी घालायची, त्याच मोगऱ्याचा गजरा हिच्या केसात माळायची. जावंसं फार वाटलं. पण इतक्या दिवसांचा पीळ असा एकदम सुटत नाही. निदान मान राहील एवढं तरी त्याला हवं होतं.

"तुना बापले सांग," तो म्हणाला, "पह्यले ते पत्रा उतार. मना आंगणमा ऊन पडू दे. दुसरं मले काही नको. ज्या दिन ऊन पडी, त्याच दिन मी मेढ रोवाले येसू."



"आबा, चेष्टा करता का?"

"चेष्टा? मनी कमलनी आन."

तिने वर पाहिलं. मग वाकून त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. शेवटी तिने त्याचा मातीने भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आबा," ती म्हणाली, "पत्रे तर अण्णांनी दिवाळीतच उतरवले. तुम्ही भरउन्हात बसला आहात."