रिकामा फुगा

पडद्यावरचा म्हातारा दीपगृहाच्या दारात उभा होता. सात वर्षांपूर्वी पळून गेलेला मुलगा समोर, काखेत बोचकं. खोलीतल्या तिघांनाही पुढचं चित्र पाठ होतं. म्हाताऱ्याचं तोंड उघडणार, तोंडाजवळ बोलण्याचा फुगा येणार आणि त्यात एक अक्षरही नसणार. तेहतीस वर्षांपूर्वी मूळ मांगाच्या, म्हणजे चित्रकथेच्या, पानावर तसंच छापलं होतं; आता तिचीच ॲनिमे, हलती चित्रं, पडद्यावर चालू होती.

म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "आलास?"

कुरोसूच्या हातातला चहा हातातच राहिला. टोकियोतल्या नेरिमात जुन्या मांगाचं दुकान चालवणारा हा माणूस एरवी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकावरही आवाज चढवत नसे.

"बोलायला लावलं त्याला," तो म्हणाला. "एवढी मोठी ॲनिमे काढली, आणि तेवढी एक जागा सोडवली नाही यांना."

"आवाज मात्र काय लावलाय, मालक," मिनेगिशी म्हणाली. ही टपाल कचेरीतली. दर रविवारी पाच वाजता दुकानाच्या मागच्या खोलीत हजर. "माझ्या तर अंगावर काटा आला."

"काटा येईल नाहीतर काय. बुद्धाच्या मूर्तीला चष्मा घातलाय! सोळा वर्षांचा होतो मी. घरातून पळालेला. ओसाका स्टेशनच्या बाकावर हे पान बघितलं. माझा बाप काय म्हणेल, ते त्या फुग्यात घालून घालून बघत बसलो, आणि मग घरची गाडी धरली. तिथे आयतं काही छापलेलं असतं तर मी गेलो असतो?"

ही गोष्ट दोघींनी दहादा ऐकली होती. मिनेगिशीने मान डोलावली. समोरच्या गल्लीत राहणारी एकाहत्तर वर्षांची हात्सुए नेहमीप्रमाणे खाली बघत राहिली.

कुरोसूने कागद ओढला आणि ॲनिमेवाल्यांना पत्रच लिहायला घेतलं. अक्षर सुरेख, राग त्याहून सुरेख. लिहून झाल्यावर त्याने वाचून दाखवलं. "मूळ चित्रकार ओनुमा सेन्सेईंनी तो फुगा जाणूनबुजून रिकामा ठेवला होता. त्यांच्या साऱ्या चित्रांत त्याहून मोठं चित्र नाही. आपण त्यात शब्द कोंबलेत." मग लाल शाईत बुडवून त्याने सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारला. मिनेगिशीने पिशवीच्या तळातून आपला शिक्का शोधून काढला, तोही उमटला. शाईची डबी हात्सुएपुढे सरकली.

हात्सुएने शिक्का बाहेर काढला खरा, पण हात काही पुढे जाईना. दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो, हे तिलाही ठाऊक होतं. पण दगड आपल्याच हातून वाटेत पडलेला असला, की त्याच्यापुढे हात जोडणं जड जातं.

"हात्सुएसान, शिक्का."

"मला नाही मारता यायचा," ती म्हणाली. "जाणूनबुजून नव्हतं ते."

कुरोसूने पत्र खाली ठेवलं.

"ज्यात ते पान छापलं, त्या मासिकात मी कामाला होते. सेन्सेईंची चित्रं यायची, आणि अक्षरं निराळ्या कागदावर छापून यायची. ती कापून फुग्यात चिकटवायची, हे माझं काम. त्या दिवशी डिंक पातळ होता. घरी गेले, तर त्या फुग्यातली चिठ्ठी माझ्या बाहीला चिकटलेली. तोवर छपाई सुरू झाली होती."

"पण पुढे पुस्तकातही तो फुगा रिकामाच आहे," कुरोसू म्हणाला.

"मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला गेले. सेन्सेईंनी ते पान किती तरी वेळ बघितलं, मग म्हणाले, राहू दे. माझी कीव आली म्हणून, का आणखी कशाने, ते विचारायची माझी छाती झाली नाही."

लोक त्या पानाची वाहवा करायचे तेव्हा हात्सुएला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता सांगून ती मोकळी झाली होती, पण या दोघांपाशी काय उरलं, याची धास्ती तिला लागली.

"काय होतं त्या चिठ्ठीवर?" कुरोसूने विचारलं.

"'आलास?' हेच ना?" मिनेगिशी घाईने म्हणाली.

हो म्हटलं असतं तर सगळंच निभावलं असतं. ॲनिमेवाले खरे ठरले असते, पत्र फाडून टाकता आलं असतं, चहा पुन्हा गरम झाला असता. हात्सुएने कुरोसूच्या तोंडाकडे बघितलं. एवढ्या मोठ्या माणसाचं तोंड त्या घडीला सोळा वर्षांच्या पोराचं झालं होतं. त्याच्याशी खोटं बोलणं तिच्याने होईना.

"'चालता हो,'" ती म्हणाली. "एवढंच होतं."

शेवटचं गाणं लागलं होतं. मिनेगिशीने पुढे होऊन आवाज बंद केला. आपण काय ऐकलं ते तिच्याही ध्यानात आलं होतं. ती पाय दुमडून ताठ बसली, देवळात बसावं तशी.

कुरोसू टेबलापासून मागे सरकला, गुडघ्यांवर बसला, दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत हात्सुएपुढे वाकला.

"अहो, हे काय, उठा," हात्सुए कावरीबावरी झाली. "चूक होती हो ती माझी."

"त्यानंतर अकरा वर्षं," कुरोसू खाली मानेनेच म्हणाला, "माझा बाप माझ्या शेजारी बसून जेवला."