थंड ठेवा लागते

कॉम्प्युटरवर नवा गेम अडकत अडकत चालायला लागला, तेव्हा अश्वजितनं आठ दिवस डोकं खाजवलं. नवा प्रोसेसर घ्यायचा, की आहे तोच ओव्हरक्लॉक करून जास्त वेगानं पळवायचा? शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी तो खाटेवर पडून असलेल्या वडिलांजवळ आला.

"बाबा, नवा नाही घेत. आहे त्यालेच पळवतो. फक्त त्याले थंड ठेवा लागते."

"नाही ठेवलं तं?" आनंदरावांनी विचारलं.

"जुना झाला न तो. लय तापला तं जाते."

आनंदरावांनी खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं. "मंग ने बाबू," ते म्हणाले.

अश्वजितनं कूलर काढला आणि आपल्या खोलीच्या खिडकीत नेऊन बसवला. वडिलांच्या अंगावर ओला दुपट्टा टाकायला मात्र तो विसरला नाही.

पवनीत त्या दिवशी पंखाही गरम हवाच फेकत होता. चार वाजता नागपूरहून मुलीचा, रत्नमालाचा फोन आला. बाबांसाठी तो कूलर तिनंच मागच्या महिन्यात पाठवला होता.

"बाबा, कूलर चालू आहे ना? का दादा लावतच नाही?"

"चालू आहे ना बाई. दुपारपासून एक मिनिट बंद नाही केला त्यानं. हा आयक आवाज."

आनंदरावांनी हात लांब करून फोन पोराच्या खोलीकडे धरला.

"हो, आला आवाज," ती म्हणाली. "मी उगाच दादावर शक करून राहिली होती."