कोरियातली सासू

"अगं ए भवाने!" गुणाबाई सोफ्यावरून जवळजवळ उठलीच. "डायरेक पोरीच्या हापिसात गेली? ही सासू हाय का कोण हाय?"

टीव्हीवर कोरियन मालिकेतली सासू सुनेच्या साहेबापुढे एक पांढरा लिफाफा सरकवत होती. आत सुनेचा राजीनामा. सुनेला याचा पत्ताच नव्हता, ती बिचारी शेजारच्या खोलीत झेरॉक्स काढत उभी होती. हिंदीत डब केलेला सासूचा आवाज अगदी मधात बुडवलेला. तिच्या भल्यासाठीच करतेय, असं ती म्हणाली.

"भलं तुझ्या मड्याचं!" गुणाबाई म्हणाली. विचुंब्याच्या या फ्लॅटमध्ये ती राहायला आली होती खरी, पण तिची जीभ अजून उरणच्या मासळी बाजारातच बसलेली होती.

रविवारची दुपार होती. जेवणं अंगावर आली होती. मुलगी नीता रोडपालीहून आली होती, आणि सगळ्या घराला या मालिकांचा नाद तिनंच लावला होता. तिकडच्या रीतीभाती समजावून सांगायचं कामही तिच्याकडेच.

"आई, तिकडे सासूपुढे कोणी बोलत नाही," ती म्हणाली. "कल्चरच तसं आहे त्यांचं."

"कसलं डोंबलाचं कल्चर! पोरीनं शिकून नोकरी धरली, ती काय हिच्या बापाची हाय?"

"सासूचं सोड गं," दिवाणावर लोळत गुणाबाईचा मुलगा कल्पेश म्हणाला. "तो नवरा बघ. त्याला सगळं ठावं हाय, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. लाज वाटायला पायजे साल्याला."

त्याची बायको कीर्ती चहाचा ट्रे घेऊन आली ती नेमकी याच वाक्यावर. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ट्रे ठेवायचं विसरून ती उभीच राहिली. द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात तिला पहिल्या तारखेपासून डॉक्युमेंटची इन्चार्ज करणार होते. घरी यायला उशीर होणार होता, म्हणून कल्पेश आठवडाभर नुसतं 'बघू, बघू' करत होता.

"अवो, मग मी उद्या सायबांना हो सांगते हां," ती म्हणाली.

"चहात साखर कमी हाय," कल्पेश म्हणाला. त्यानं अजून चहा प्यायलाही नव्हता.

तिनं ट्रे ठेवला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचेच साहेब होते, कमळाकर सर. रविवारीही यार्ड चालू असतं. कीर्ती ऐकत राहिली. "राजीनामा? कुणाचा सर?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "सर, फोन ठेवू नका. दोन मिनिटं."

तिनं तिथेच उभ्या उभ्या मेल उघडला. सकाळी ती बोंबील साफ करत होती, तिचे दोन्ही हात बरबटलेले होते, तेव्हा तो गेला होता. रिस्पेक्टेड सर, फॅमिली प्रॉब्लेममुळे मी नोकरी सोडत आहे. खाली तिचं नाव.

"अवो," फोनवर तळवा दाबून ती म्हणाली, "माझ्या फोनवरून मेल तुमी पाठवलात?"

"सांगणारच होतो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर ऐकलं असतंस का? रात्री-अपरात्री त्या ट्रेलरांच्या गर्दीतनं येणार तू. तुझ्याच भल्यासाठी केलं."

टीव्हीवर सून आता हमसून हमसून रडत होती. कीर्ती सासूकडे वळली. "आई, बोला ना आता. मघाशी बोलत होतात तसं बोला."

गुणाबाईनं बशीत चहा ओतला. "तो नवरा हाय तुझा. त्यानं काय तरी विचार केला आसंल."

परदेशातल्या सुनेसाठी बाजार डोक्यावर घेणाऱ्या बाईची घरातल्या सुनेसाठी जीभ हलेना. नीता मालिकाच बघत होती, म्हणजे बघत असल्याचं दाखवत होती. संताप येतो तो अशा माणसांचा. वाईट माणसं निदान वाईट दिसतात तरी.

"आणि त्या बाईशी माझी तुलना करू नको," कल्पेश म्हणाला. "ती सासू, बाहेरची. मी नवरा हाय."

"तू कोण रे माझी नोकरी सोडणारा?"

नीतानं रिमोट उचलून टीव्ही थांबवला. राजीनाम्याच्या वेळी तो कुणी थांबवला नव्हता.

"अगं ए, नवऱ्याला 'तू' बोलतंस?" गुणाबाईच्या हातातली बशी लवंडली. "माझ्या घरात?"

"वहिनी, काही झालं तरी अरे-तुरे?" नीता म्हणाली. "आपल्यात नाही चालत हे."

कल्पेश उठून उभा राहिला होता. कानापर्यंत लाल झाला होता. "परत बोल," तो म्हणाला. "परत बोलून बघ."

कीर्तीनं फोनवरचा हात काढला.

"सर, तो मेल मी पाठवलेला नाही. रद्द समजा. पहिल्या तारखेपासून मी इन्चार्ज म्हणून येतेय. मेल कल्पेशनं पाठवला."

लग्नातल्या उखाण्यानंतर त्याचं नाव तिच्या तोंडी आलं ते आज.

"कल्पेश कोण?" साहेबांनी विचारलं. खोली इतकी शांत होती की ते सगळ्यांना ऐकू आलं.

कीर्तीनं नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं.

"आमच्या घरात राहतो," ती म्हणाली.