मेनचं कुलूप

जावयाने सासूच्या दुकानात कुलूप लावावं, म्हणजे हद्दच झाली! तेही तिला न विचारता, मेन स्विचच्या पेटीला. वर किल्ली स्वतःच्या खिशात. सासूबाई लाँड्रीच्या मालकीण. तीस वर्षांत त्यांना विचारल्याशिवाय तिथली खुर्चीसुद्धा कुणी हलवली नव्हती.

"आई, वायरी बदलून होईपर्यंत मेन बंद," जावई सकाळी म्हणाला होता. वायरमन म्हणे! आधी शिडी खिडकीच्या गजाला दोरीने बांधली, मग दोनदा हलवून पाहिली, तेव्हा कुठे स्वारी वर चढली.

"बांधा, बांधा," सासूबाई म्हणाल्या, "नाहीतर रुसून माहेरी जायची शिडी!"

कपड्यांना चिठ्ठ्या लावणारी लेक खुदकन हसली. जावईही हसला. पण किल्ली काही दिली नाही.

दुपार झाली. मागच्या खोलीत दवाखान्याच्या चादरी मशीनमध्ये साबणाच्या पाण्यात लोळत पडल्या होत्या. पाच वाजता माणूस न्यायला येणार. काम चाललंय इस्त्रीच्या खोलीत, मशीन मागच्या खोलीत. मग सगळ्या दुकानाची लाइट कशाला अडवायची? त्यात मघापासूनची ठोकाठोकही थांबलेली. गेला असणार चहाला! सासूबाईंनी स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि बोळातल्या त्या कुलपावर घातला. दुसऱ्या घावाला कडी वाकली. आता एकच घाव.

"आई, काय फोडताय?"

आवाज इस्त्रीच्या खोलीतून आला. वरून.

त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. जावई छताला डोकं टेकेल इतका उंच, शिडीवर. सोललेल्या तारांची टोकं दोन्ही हातांनी एकमेकांत पिळत होता. त्या कामाला आवाज कसला? तांबं उघडं, लखलखीत. तिथून तारा छताच्या कडेने सरळ मागे गेल्या होत्या, मशीनकडे. खाली नुसती फरशी.

सासूबाईंनी बत्ता पदराआड नेला. भीती कुणाला दिसू द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या दाराच्या चौकटीला धरून नीट ताठ उभ्या राहिल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमचं कुलूप अगदीच कुचकामी. आधी खाली उतरा, आणि माझ्या हातून फुटणार नाही असं आणा."