डाग कुठल्या खांद्यावर

"डाग चुकलाय तुझा. उजव्या खांद्यावर हवा," माझ्या खुर्चीमागून नवरा पुटपुटला.

प्रौढांच्या एका वेबसाइटवर हेमांगी टोपणनावाने कथा लिहिते आणि मी त्यांतली चित्रं हलती करते. व्हिडिओ बघून बघून शिकले. वाचकाने बोट लावलं की पदर सरकतो, दिवा मालवतो. घरात याला 'कार्टूनचं काम' म्हणायचं, म्हणजे सासूबाईंचा घास अडकत नाही.

या कथेतल्या बाईच्या खांद्यावर भाजल्याचा डाग आहे, एवढंच हेमांगीने लिहिलं होतं. कुठल्या, ते नव्हतं. मी आपला मनानेच डावीकडे काढला.

"उजव्याच का?" मी विचारलं.

"कथेत तसं आहे की."

"नाहीये."

सोफ्यावर हेमांगी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होती. तिचा हात थांबला. वीस वर्षांच्या मैत्रीत मी तिला कधी मोठ्या गळ्याच्या ब्लाउजमध्ये पाहिलं नव्हतं. नेहमी म्हणायची, मला नाही शोभत.

"चहा टाकतो," नवरा म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मी डाग उचलून उजवीकडे ठेवला आणि पडद्यावर बोट लावलं. पदर अगदी अलगद सरकला. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

"आता बरोबर?" मी दोघांनाही विचारलं.

नवरा दारातच थांबला. हेमांगीने चिवड्याची वाटी खाली ठेवली.

"बरोबर आहे. डाग माझाच आहे, विभा. आणि कथेत तिचा पदर सरकवणारा पुरुष म्हणजे हे भावोजी."